एर्लांग : गर्दीचं गणित मांडणारा माणूस

व्होल्ट, अँपिअर, ओहम, हर्ट्‌झ ही मुळात माणसांची नावं आहेत हे आपल्याला शाळेतच कळतं. एर्लांग हाही हाडामांसाचा माणूस होता, हे मात्र पुष्कळांना थर्ड इयर झालं तरी माहीत नसतं. टेलिकॉमवाल्यांना हे नाव टेलिफोन ट्रॅफिकच्या चॅप्टरमध्ये भेटतं, कॉम्प्युटरवाल्यांना क्यूइंग थिअरीत. सूत्र पाठ करायचं, कॅल्क्युलेटर दाबायचा, न्यूमेरिकल सुटलं की पान उलटायचं. मीसुद्धा याहून जास्त काही केलं नसतं. पण यंदा हॉस्टेलच्या नेट कमिटीत आलो, स्विचवर ट्रॅफिकच्या जुन्या नोंदी साठवायचं काम गळ्यात पडलं, आणि गर्दी मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं हा प्रश्न उभा राहिला. त्या प्रश्नाच्या मागे मागे जात मी कोपनहेगनला पोचलो. म्हणजे पुस्तकांतून, गैरसमज नको!

आग्नेर क्रारुप एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ चा. गाव ल्योनबोर्ग, डेन्मार्कच्या जटलंड भागातलं एक खेडं. वडील गावातल्या शाळेचे मास्तर, शिवाय चर्चचं कारकुनी कामही त्यांच्याकडे. आईच्या माहेरच्या पूर्वजांत थॉमस फिंक हा गणिती होऊन गेलेला. आपण ज्याला टॅन आणि सेक म्हणतो ते टँजंट आणि सीकंट हे शब्द या फिंकने १५८३ साली आपल्या पुस्तकात रूढ केले. म्हणजे ट्रिगनॉमेट्रीबद्दल कुणाला राग काढायचा असेल तर तोही याच घराण्यावर काढता येईल.

लहानपणची एक गंमत सगळे चरित्रकार सांगतात. आग्नेर आणि त्याचा मोठा भाऊ संध्याकाळी एकच पुस्तक घेऊन वाचायला बसत. मोठा भाऊ म्हटल्यावर पुस्तक सुलटं त्याच्या बाजूला. धाकटा समोर बसून उलटी अक्षरं वाचायचा आणि त्याला ते छान जमायचं. आपल्याकडे एका जर्नलवर सहा जण तुटून पडतात तेव्हा उलटं वाचणारा एखादा असतोच, त्याने आता छाती फुगवायला हरकत नाही.

चौदाव्या वर्षी आग्नेर कोपनहेगनला जाऊन एक मोठी परीक्षा विशेष प्राविण्याने पास झाला. वय कमी म्हणून बसायला खास परवानगी काढावी लागली होती. मग घरी परत, आणि दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत मास्तरकी. १८९६ मध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे कोपनहेगन विद्यापीठाच्या वसतिगृहात राहण्या-जेवणाची फुकट सोय मिळाली. हॉस्टेलचाच मुलगा! तिथली मेस कशी होती याची नोंद मला कुठे सापडली नाही. १९०१ मध्ये गणित हा मुख्य विषय आणि जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले. पुढची सात वर्षं निरनिराळ्या शाळांत शिकवलं. त्याच काळात विद्यापीठाच्या निबंध स्पर्धेत गौरवही मिळवला. तरी एकंदरीत पाहिलं तर तिशी आली तरी गृहस्थ शाळामास्तरच. इंजिनिअरिंगशी काडीचा संबंध नाही.

संबंध आला तो ओळखीतून. डेन्मार्कच्या गणितप्रेमींची एक संघटना होती, तिच्या बैठकांना एर्लांग जात. तिथे योहान येन्सन नावाचे गृहस्थ यायचे. एम-थ्रीमध्ये नसले तरी पुढे प्रोबॅबिलिटीत भेटणाऱ्या जेन्सन इनइक्वॅलिटीवाले तेच हे. आश्चर्य म्हणजे येन्सन प्राध्यापक नव्हतेच, ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते. दिवसा टेलिफोन, रात्री गणित. कंपनीचे संचालक योहान्सन यांनाही लाईन एंगेज लागण्याच्या आणि ताटकळण्याच्या प्रश्नाने आधीच पछाडलं होतं. येन्सननी एर्लांगची गाठ घालून दिली आणि १९०८ साली हा शाळामास्तर टेलिफोन कंपनीत रुजू झाला. पुढे कंपनीच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

प्रश्न काय होता ते नीट समजून घेऊ. एका गावात समजा हजार टेलिफोन आहेत. दुसऱ्या गावाशी बोलायला मधे किती लाईन्स टाकायच्या? हजार टाकल्या तर कंपनी बुडेल. पाच टाकल्या तर लोक शिव्या घालतील. आपल्या आजोबांनी ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट बघितली आणि आपल्या आईबाबांनी या मार्गावरच्या सगळ्या लाईन्स व्यस्त असल्याचं त्या बाईंच्या गोड आवाजात ऐकलं, ते याच प्रश्नाचं उत्तर कुणीतरी कंजूषपणे दिल्यामुळे. तोवर उत्तर अनुभवी माणसाच्या अंदाजावर असायचं. अंदाज चुकला तर माणसं ओरडत, ओरडली की आणखी लाईन टाकत.

एर्लांगनी सुरुवात केली ती फोन कधी येतात यापासून. १९०९ मध्ये त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख आला. एकमेकांना न विचारता, आपापल्या कामासाठी फोन उचलणारी असंख्य माणसं असली, तर ठरावीक वेळात येणाऱ्या कॉल्सची संख्या पॉइसनच्या वितरणाप्रमाणे पडते, हे त्यांनी मांडून दाखवलं. एकेका माणसाबद्दल काही सांगता येत नाही, पण घोळक्याबद्दल बरंच काही सांगता येतं. १९१७ च्या लेखात त्याच्या पुढची पायरी आली. लाईन मोकळी नसेल तर कॉल तुटतो अशा व्यवस्थेसाठी एक सूत्र आणि कॉल रांगेत थांबतो अशा व्यवस्थेसाठी दुसरं. आपल्या सिलॅबसमधले एर्लांग-बी आणि एर्लांग-सी ते हेच.

यातली खरी गंमत आकडे घातल्याशिवाय कळत नाही म्हणून एक उदाहरण देतो, कंटाळू नका. तासाला ६० कॉल, प्रत्येक ३ मिनिटांचा. म्हणजे एका तासात १८० मिनिटांचं बोलणं, भागिले ६०, म्हणजे ३ एर्लांग. सरासरीने पाहिलं तर तीन लाईन्स पुरायला हव्यात. पण सूत्र सांगतं की तीन लाईन्स ठेवल्या तर शंभरातले जवळजवळ ३५ कॉल परत जातील. पाच ठेवल्या तरी ११ परत जातील. आता सगळंच दुप्पट करा, ६ एर्लांग आणि १० लाईन्स. दर लाईनमागे बोलणं तेवढंच, पण परत जाणारे कॉल ११ वरून साधारण ४ वर येतात. मोठ्या घोळक्यात एकाची गर्दी दुसऱ्याच्या शांततेत जिरून जाते. मेसला दोन छोट्या रांगांत वेगवेगळे काउंटर लावण्याऐवजी सगळे काउंटर सगळ्यांना खुले ठेवले तर का बरं पडतं, तेही यातच आलं. सेक्रेटरींनी नोंद घ्यावी.

आता हे सगळं कागदावरचं. पण हा माणूस कागदावर थांबणारा नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत प्रयोगशाळेत हाताखाली माणसं नव्हती. जमिनीखालच्या केबलमधले भरकटलेले विद्युतप्रवाह मोजायचे असत, ते काम एर्लांग स्वतः करत. कोपनहेगनच्या रस्त्यांवर पुढे हे पदवीधर गणिती आणि मागे शिडी घेतलेला एक कामगार असं दृश्य लोकांच्या ओळखीचं झालं होतं. मॅनहोल आलं की झाकण काढायचं, शिडी सोडायची, साहेब आत! आपल्याकडे मोठ्या पदावरचा माणूस असा उतरेल का, हा विचार मनात आला तो खोटं कशाला सांगू.

इथे आमच्या स्विचची हकीकत सांगतो, कारण मला एर्लांग खरे कळले ते तिथे. आमच्या विंगला रात्रीचं नेट अडखळतं अशी तक्रार वर्षभर चालू होती. ऑफिसचं म्हणणं, महिन्याचा सरासरी वापर लाईनच्या क्षमतेच्या फार खाली आहे, सबब मुलांची तक्रार निराधार, आणि लाईन वाढवायचं कारण नाही. उलट रात्री नेट बंद ठेवायचा प्रस्ताव पुढे आला. पीएलमध्ये नेट बंद म्हणजे काय, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. आता सरासरी खोटी होती का? अजिबात नाही. पण सरासरी चोवीस तासांची होती, आणि टेलिफोनवाले शंभर वर्षांपूर्वीच शिकलेत की लाईन्सचा हिशोब चोवीस तासांवर करत नाहीत, सगळ्यात गर्दीच्या तासावर करतात. पहाटे चारची शांतता रात्री साडेदहाच्या कामी येत नाही.

मॅनेज्ड स्विचमध्ये आरमॉन नावाची सोय असते, तिच्यात हिस्टरीचा एक गट असतो. प्रत्येक पोर्टसाठी दोन गोष्टी सांगायच्या. एक, किती सेकंदांनी नोंद घ्यायची. दोन, अशा किती नोंदी साठवायच्या. नोंदींच्या खणाला बकेट म्हणतात. सगळे बकेट भरले की सगळ्यात जुना रिकामा करून नवीन नोंद तिथे बसते. स्टँडर्डमध्ये आपण काही न सांगता मिळणारे आकडे आहेत १८०० सेकंद आणि ५० बकेट, म्हणजे अर्ध्या तासाची एक नोंद, एकूण २५ तासांचा इतिहास. ऐकायला झकास. पण १०० एमबीपीएसचा पोर्ट अर्ध्या तासात एकदाच, २० सेकंद गच्च भरला आणि बाकी वेळ रिकामा राहिला, तर अर्ध्या तासाच्या नोंदीत वापर दिसतो १ टक्क्याच्या जरासा वर. तीच गोष्ट ३० सेकंदांच्या एका नोंदीत पडली तर दिसते ६७ टक्के. त्या २० सेकंदांत ज्याचा कॉल तुटला त्याच्यासाठी खरं काय?

मग ३० सेकंदच ठेवा की, असं तुम्ही म्हणाल. तर ५० बकेटमध्ये ३० सेकंदांप्रमाणे फक्त २५ मिनिटं मावतात. रात्री साडेदहाचं रडगाणं सकाळी बघायला जावं तर सगळं पुसलेलं. बकेट वाढवून मागता येतात, पण स्विच मेमरी बघून देतो. मागितले किती आणि दिले किती असे दोन वेगळे आकडे टेबलमध्ये असतात, दुसरा बघायलाच हवा. म्हणून स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनीच सुचवलं आहे की एका पोर्टवर दोन नोंदवह्या ठेवा, एक ३० सेकंदांची आणि एक ३० मिनिटांची. आम्ही तसंच केलं. शिवाय बारीक नोंदी पुसल्या जाण्याआधी उचलून एका जुन्या पीसीवर टाकायची छोटीशी स्क्रिप्ट बसवली.

आणखी काही खाचाखोचा आहेत, पुढच्या कमिटीच्या उपयोगाला येतील. बाइट मोजणारा काउंटर ३२ बिटचा असेल तर ४२९ कोटी बाइटनंतर तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि झाल्याचं सांगतही नाही. १० एमबीपीएसची लाईन गच्च भरली तर याला ५७ मिनिटं लागतात, म्हणून अर्धा तास चालून जायचा. १०० एमबीपीएसवर पावणेसहा मिनिटांत वळसा पूर्ण होतो. म्हणजे गर्दी सगळ्यात जास्त तेव्हाच अर्ध्या तासाचा आकडा सगळ्यात फसवा. दुसरं, नोंदीत ड्रॉप इव्हेंट्स नावाचा रकाना असतो. पुष्कळ जण तो स्विचने टाकलेल्या पॅकेट्सचा आकडा समजतात. तो आहे मोजणाऱ्याला मोजायला फुरसत न मिळाल्याचा आकडा. तिसरं, नोंदीवर घड्याळाची वेळ नसते, स्विच चालू झाल्यापासूनचा वेळ असतो, आणि लाईट गेली की सगळा इतिहास सहसा पुसला जातो. आमच्याकडे लाईट जाते हे सांगायला नको.

दोन आठवडे नोंदी घेतल्या. अर्ध्या तासाच्या आलेखात रात्र म्हणजे एक सपाट टेकडी. ३० सेकंदांच्या आलेखात तीच टेकडी करवतीच्या दातांसारखी, आणि जेवणानंतरच्या दीड-दोन तासांत दात वरच्या रेघेला टेकलेले. दोन्ही आलेख एकाखाली एक लावून रेक्टर सरांना दिले. सरांनी ते शांतपणे पाहिले आणि पुढे पाठवले. रात्री नेट बंद करायचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवला आहे. लाईन वाढवायचं अजून कुणी बोललेलं नाही.

एर्लांगनी आपला हा आलेख पाहिला असता तर त्यांना एक गोष्ट नक्की खटकली असती. त्यांच्या हिशोबात माणसं आपापली, एकमेकांपासून स्वतंत्र. अशी गर्दी जास्त वेळाच्या सरासरीत गुळगुळीत होत जाते. पण १९८९ ते १९९२ या काळात अमेरिकेत बेलकोर या संशोधनसंस्थेत इथरनेटवरच्या पॅकेट्सच्या फार बारकाईने नोंदी घेतल्या गेल्या, आणि लेलँड, टाक्कू, विलिंगर, विल्सन यांनी त्यावरून दाखवलं की ही गर्दी तशी वागत नाही. सेकंदांत पाहा, मिनिटांत पाहा, तिच्या लाटा लाटाच राहतात. एक फाइल डाउनलोडला लागली की पॅकेट्सचा लोंढा येतो, ते काही एकमेकांना अनोळखी टेलिफोन ग्राहक नव्हेत. त्यामुळे पॅकेट्सवर एर्लांगचं सूत्र जसंच्या तसं लावलं तर उत्तर आशावादी येतं. कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची यासाठी मात्र त्यांचं रांगेचं सूत्र अजून वापरतात, कारण तिथे फोन करणारी माणसंच असतात. याने एर्लांग लहान होतात असं मला वाटत नाही. आपण काय गृहीत धरतोय हे त्यांनी लिहून ठेवलं होतं, म्हणून तर कुठे लागू पडत नाही ते तपासता आलं.

माणूस म्हणून ते अबोल आणि साधे. लग्न केलं नाही. पुस्तकांचा नाद जबरदस्त, घरात गणित, खगोल, भौतिकशास्त्राचा मोठा संग्रह. गरजू लोक मदत मागायला थेट प्रयोगशाळेत येत आणि एर्लांग गाजावाजा न करता त्यांच्या हातात पैसे ठेवत. लिहिणं इतकं आटोपशीर की कधीकधी सिद्धताच गाळून टाकत, नुसता निकाल. आपण पेपरात असं केलं तर मार्क कापतात, पण त्यांचे निकाल बरोबर असत. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने टेलिफोनच्या कामासाठी त्यांचं सूत्र उचललं. बेल लॅबोरेटरीजमधला एक संशोधक त्यांचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकला, अशी आठवण सांगतात. आठ मार्कांच्या प्रश्नासाठी डॅनिश!

वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा अशी घेतलीच नव्हती. १९२९ च्या जानेवारीत पोटाच्या दुखण्यासाठी हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं. ऑपरेशन झालं, पण ३ फेब्रुवारी १९२९ ला ते गेले. वय अवघं एक्कावन्न. टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने गर्दीच्या एककाला त्यांचं नाव दिलं ते १९४६ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. आणि १९४८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीने त्यांचं चरित्र आणि सगळे लेख इंग्रजीत एकत्र छापले. मग डॅनिश शिकायची गरज उरली नाही.